बीपीचा पट्टा आपल्या हातात कसा आला



आजच्या भागात आपण एका पट्ट्याची गोष्ट ऐकणार आहोत. उपकेंद्रात गेलो की सिस्टर आपल्या दंडाला जो पट्टा गुंडाळतात, फुगा दाबतात, हात करकचून आवळला जातो, मग हवा सुटते आणि वहीत दोन आकडे लिहिले जातात, तोच हा पट्टा. तो शोधून काढला त्याला अजून दीडशे वर्षंही झाली नाहीत. आधी तो फक्त मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या हातात होता. तिथून नर्सबाईंच्या हातात आला आणि आता आपल्या गावातल्या बायकांच्या हातात आला आहे. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "मला काही दुखत नाही, खुपत नाही, मग रोज गोळी कशाला खायची?" हाच प्रश्न एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडला होता. त्याचं उत्तर मिळायला पन्नास-साठ वर्षं गेली आणि बरेच जीवही गेले.

नाडी बघायची रीत फार जुनी. आपल्याकडचे वैद्य बघत, तिकडे युरोपातलेही बघत. नाडी जोरात आहे की मंद, एवढं बोटांना कळायचं. पण रक्त शरीरात गोल फिरतं, हृदय ते ढकलतं आणि ते परत हृदयाकडे येतं, हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी १६२८ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. मग प्रश्न उरला की हृदय किती जोराने ढकलतं?

तो जोर पहिल्यांदा मोजला एका पाद्रीबाबांनी. स्टीफन हेल्स हे त्यांचं नाव. त्यांनी एका घोडीला आडवं बांधलं, तिच्या रक्तवाहिनीत पितळेची नळी घातली आणि तिला काचेची लांब नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच उंच चढलं, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्याच्याही बरंच वर. १७३३ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. रक्ताला केवढा जोर असतो ते जगाला कळलं. पण माणसाची नस कापून, एवढी लांब नळी लावून कोण मोजणार?

पुढे १८२८ मध्ये प्वाझेय नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी नळीत पारा घातला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. त्यामुळे जे रक्त आठ फूट चढायचं, तेवढ्याच जोराने पारा वीतभर चढतो. आज सिस्टर म्हणतात "ताई, तुमचा बीपी एकशेवीस", तेव्हा ते १२० म्हणजे पारा किती मिलिमीटर चढला असता ते. मशीन आता बॅटरीवर चालतं, त्यात पारा नसतो, तरी माप मात्र पाऱ्याचंच राहिलं आहे.

पट्ट्याचा शोध लागला तो १८९६ मध्ये, इटलीतल्या तुरीन शहरात. शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरांनी तो बनवला, आणि सामान कुठलं वापरलं? सायकलची ट्यूब, शाईची दौत आणि पारा. दंडाला ट्यूब गुंडाळायची, हवा भरायची आणि मनगटावर नाडी धरून बसायचं. नाडी लागेनाशी झाली की पारा कुठवर चढला ते बघायचं. कापाकापी नाही, सुई नाही. १९०१ मध्ये हार्वे कुशिंग नावाचे अमेरिकन सर्जन इटलीत गेले होते. त्यांनी हा पट्टा पाहिला आणि बरोबर अमेरिकेला नेला. ऑपरेशन चालू असताना रोग्याचा बीपी बघायला त्यांनी सुरुवात केली.

पण त्या पहिल्या पट्ट्यात एक खोट होती. तो फार अरुंद होता, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त यायचा. ही चूक १९०१ मध्येच फोन रेक्लिंगहाउझेन या जर्मन डॉक्टरांनी दाखवून दिली आणि पट्टा रुंद झाला. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. आजही जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच वाढलेला दिसतो. तुमचा दंड जाड असेल तर "मोठा पट्टा आहे का?" असं बिनधास्त विचारा.

आता दुसरा आकडा, म्हणजे खालचा. तो सापडला १९०५ मध्ये रशियात. निकोलाय कोरोत्कोव्ह हे सैन्यातल्या वैद्यकीय संस्थेतले तरुण सर्जन. युद्धात गोळ्या लागून रक्तवाहिन्या फुटलेले शिपाई त्यांनी तपासले होते. अशा रक्तवाहिन्यांवर नळी टेकवून आवाज ऐकायची त्यांना सवय होती. त्यांनी पट्ट्याच्या खाली, कोपराच्या खोलगट भागात नळी ठेवली. पट्ट्याने हात पुरता आवळला की काहीच ऐकू येत नाही. हवा सोडत गेलं की एका ठिकाणी ठक्-ठक् सुरू होतं, तो वरचा आकडा. आवाज बंद पडतो, तो खालचा. एका पानाहून कमी मजकुरात त्यांनी हे सांगितलं, आणि आज शंभराहून जास्त वर्षांनी जगभरातल्या नर्स याच रीतीने बीपी मोजायला शिकतात.

मोजता तर आलं. पण मोजून करायचं काय? इथे गाडं अडलं. त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांना वाटायचं की वय वाढलं, रक्तवाहिन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला जास्त जोर लागणारच, म्हणजे वाढलेला बीपी शरीराच्या गरजेचा आहे. तो उतरवला तर उलट मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल. म्हणून आकडा लिहून ठेवायचा आणि गप्प बसायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४४ च्या मार्चमध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, तेव्हा बीपी होता १८६ आणि खालचा १०८. जगातली मोठ्यात मोठी सत्ता हाताशी, तरी उपाय काय? विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेट कमी करा आणि हृदयासाठी एक जुनं औषध. बीपी उतरवणारी गोळी तेव्हा नव्हतीच. १२ एप्रिल १९४५ ला डोकं भयंकर दुखतंय म्हणत ते कोसळले. त्या वेळी त्यांचा बीपी ३०० च्या घरात होता. मेंदूत रक्तस्राव होऊन त्याच दिवशी ते गेले, वयाच्या ६३ व्या वर्षी. आज आपल्या उपकेंद्रात जी गोळी फुकट मिळते, ती तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षालाही मिळू शकली नाही.

औषध नव्हतं, तेव्हा रोग्याला सांभाळायचं काम बहुतेक नर्सकडेच असायचं. शांत खोली, पडून राहणं, बिनमिठाचं जेवण, लघवी किती होते, पायावर सूज किती, डोकं दुखतं का, नजर धूसर होते का, यावर लक्ष. काहींवर मोठं ऑपरेशन करत. पाठीच्या कण्याजवळच्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा कापून टाकत. त्याने बीपी उतरायचा, पण रोगी उठून उभा राहिला की रक्त पायात उतरून चक्कर येऊन पडायचा. मग नर्स त्याच्या पायांना आणि पोटाला घट्ट पट्ट्या बांधायच्या, आधी पलंगावर बसवायच्या, पाय खाली सोडायला सांगायच्या आणि धरून हळूहळू उभं करायच्या. हा धडा आजही कामाला येतो. बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाने झोपेतून ताडकन उठू नये. आधी बसावं, मिनिटभर थांबावं, मग उभं राहावं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे जरूर सांगा.

त्याच काळातली मिठाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर नावाचे जर्मनीहून आलेले डॉक्टर होते. मूत्रपिंडाच्या आणि बीपीच्या रोग्यांना ते फक्त भात आणि फळं देत, मीठ जवळपास नाहीच. एका बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी या असं सांगितलं. त्यांचे उच्चार जर्मन धाटणीचे, बाईंनी ऐकलं दोन महिने. त्या दोन महिने तसंच जेवल्या आणि परत आल्या, तेव्हा बीपी चांगलाच उतरलेला होता. असं जेवण रोज कुणाला जमणार नाही आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते करूही नये. पण मीठ सोडलं की बीपी उतरतो, हे डोळ्यांना दिसलं.

आता आपल्या देशाकडे वळू. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार ठाऊक. तिची मुळी डोकं शांत करायला, झोप यायला वापरत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की या मुळीने बीपी उतरतो. पुढे मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या पन्नास रोग्यांना ती देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात निबंध छापला. तो वाचून जगाचं लक्ष आपल्या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या औषधाने काही रोग्यांचं मन फार उदास व्हायचं, हेही दिसून आलं. पुढे त्याहून चांगल्या गोळ्या आल्या. तेव्हा कुणी मुळी विकायला आलं तर ती घेऊन दवाखान्याची गोळी सोडू नका.

१९५० च्या दशकाच्या शेवटी लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी साधी गोळी आली. औषध हातात आलं. तरी जुना प्रश्न होताच. ज्याला काहीच त्रास होत नाही, त्याला रोज गोळी का द्यावी?

याचं उत्तर दोन ठिकाणांहून आलं. पहिलं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातून. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ लोकांची दर दोन वर्षांनी तपासणी केली गेली. त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. हे लोक रोगी नव्हते, चालते-फिरते गावकरी होते. वर्षांमागून वर्षं गेली, तसं दिसत गेलं की ज्यांचा बीपी जास्त, त्यांनाच लकवा आणि हृदयाचा झटका जास्त, मग आधी त्रास असो वा नसो. बायका वाढलेला बीपी सहज सोसतात असा एक समज होता. तोही इथे खोटा ठरला.

दुसरं उत्तर १९६७ मध्ये आलं. डॉ. एडवर्ड फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालचा आकडा फार वाढलेले १४३ रोगी घेतले. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात २७ जणांवर मोठं संकट आलं. औषधाच्या गटात फक्त दोघांवर. मैत्रिणींनो, "मला काही होत नाही, मग गोळी कशाला" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. २७ आणि २.

पण हे १४३ जण सगळे पुरुष होते. बाईचं काय? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या चौदा ठिकाणच्या १०,९४० बाया-पुरुषांचा मोठा अभ्यास जाहीर झाला. त्यात एका गटाला नेहमीच्या दवाखान्यात जायला सांगितलं. दुसऱ्या गटाला औषध फुकट, येण्याजाण्याची सोय, वेळ सोयीची आणि कुणी आलं नाही तर पाठपुरावा. पाच वर्षांत दुसऱ्या गटात मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही गटांना औषध मिळण्याजोगं होतं. फरक पडला तो सोयीने आणि पाठपुराव्याने.

पाठपुरावा म्हटलं की नर्स आल्याच. सुरुवातीला बीपी मोजणं हे डॉक्टरांचंच काम मानलं जाई. हळूहळू ते नर्सच्या रोजच्या कामात आलं. १९७९ मध्येच कॅनडातल्या टोरांटो शहरात एक प्रयोग झाला. काम करणाऱ्या माणसांचे दोन गट केले. एका गटाने आपापल्या डॉक्टरांकडे जायचं. दुसऱ्या गटाला कामाच्या जागीच खास शिकवलेल्या नर्स बघणार, त्याच औषध ठरवणार आणि वाढवणार. सहा महिन्यांनी बघितलं तर डॉक्टरांकडे जाणाऱ्यांपैकी शंभरातल्या साधारण २८ जणांचा बीपी ताब्यात आला होता. नर्सच्या गटात ४९ जणांचा. गोळ्या नेमाने घेणारेही नर्सच्या गटातच जास्त होते. यात जादू काही नव्हती. नर्स जवळ होत्या, पुन्हा पुन्हा भेटत होत्या आणि आकडा उतरला नाही तर लगेच हालचाल करत होत्या.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट आणखी पुढे गेली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कितीतरी शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. गावातली बाई हे काम नीट करू शकते, हे जामखेडने जगाला दाखवलं. २००५ नंतर देशभर आशाताई आल्या. २०१७ च्या शेवटी सरकारने पाच राज्यांत बीपी ताब्यात आणण्याची खास मोहीम सुरू केली. त्यात आपले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेल्या गोळ्या, घराजवळ औषध आणि प्रत्येक रोग्याची नोंद, हे तिचं सूत्र. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांत आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊन बीपी मोजत आणि समजावून सांगत. त्याचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. ज्या गावांत त्या गेल्या, तिथे बीपी इतर गावांपेक्षा जास्त उतरला.

आणि गरज केवढी आहे बघा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी २१ जणींचा बीपी वाढलेला होता किंवा त्यांची गोळी चालू होती. म्हणजे वीस जणींच्या बचत गटात साधारण चौघीजणी. त्या चौघी कोण, हे तुमच्या गटाला माहीत आहे का?

बीपी वाढला की त्रास फक्त डोक्याला आणि हृदयाला नसतो. पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात. १९०८ मध्ये लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तरुण पुरुषांच्या पायाची बोटं काळी पडण्याच्या एका रोगाचं सविस्तर वर्णन केलं. त्याचं मूळ तंबाखू. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्यांत तो दिसतो, आणि त्याचा पहिला इलाज म्हणजे तंबाखू कायमची बंद, बिडीपासून मिश्रीपर्यंत सगळी. घरात कुणाला थोडं चाललं की पोटरीत गोळे येतात, थांबलं की बरं वाटतं, पाय गार पडतात, जखम भरत नाही, तर ते वयाचं दुखणं म्हणून सोडू नका. अशा पायाला ऊब द्यायला गरम वीट किंवा गरम पाण्याची पिशवी लावू नका. पायाला चटका समजत नाही, भाजतं आणि ती जखम चिघळते. मोजे घाला, अनवाणी फिरू नका, रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. हाच तो नर्सिंगचा जुना शहाणपणा.

गरोदर लेकी-सुनांसाठी तर हा पट्टा जिवाचा आहे. गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात. पट्टा नव्हता तेव्हा झटका आल्यावरच कळायचं, आणि भूतबाधा म्हणून अंगाराही लावला जायचा. आता प्रत्येक तपासणीत बीपी मोजला की आधीच कळतं. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर-हातावर सूज आली किंवा पोटात बरगडीखाली दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मैत्रिणींनो, आता पट्टा आपल्या हातात आहे, तर तो नीट वापरू. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, पोलक्याच्या बाहीवर नाही. मोजताना बोलू नका. दोन वेळा मोजा. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असं वेगवेगळ्या दिवशी आलं तर डॉक्टरांना दाखवा. मीठ दिवसाला चहाच्या चमच्याएवढं, तेही लोणचं-पापड धरून. आणि आकडा उतरला म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणूनच तो उतरलेला असतो. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करताना एक काम करा. आशाताईंना किंवा सिस्टरना बोलवा आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचा बीपी मोजून घ्या. गटाच्या वहीत हप्त्याशेजारी एक रकाना आखा, त्यात तारीख आणि दोन आकडे लिहा. कर्जाचा हप्ता चुकला की आपण दारात जाऊन विचारतो. जिची गोळी चुकली, तिच्याही दारात जाऊन विचारू या.